अण्णांच्या नावाचे मासे

गेल्या वैशाखात दादाचा फोन आला तेव्हा मी पापडाच्या लाट्या करत बसले होते. हात तेलाचे, म्हणून धाकटीने फोन माझ्या कानाशी धरला. दादा म्हणाला, "यंदा पावसाळ्यात अण्णांना जाऊन पाच वर्षं होतील. त्यांच्या नावाने काहीतरी कायमचं करावं असं सगळ्यांच्या मनात आहे. देवळाला घंटा, शाळेला कपाट हे सगळेच देतात. आपण कोंडात मासे सोडू या. गावातली पोरं घाटावरच्या एका केंद्रात चौकशी करून आलीत. महसीरची पिल्लं मिळतात. तू अकरा हजार काढशील ना?"

मी तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं. ह्यांना विचारलंसुद्धा नाही. अर्धवेळ शिक्षिकेला अकरा हजार म्हणजे काय, ते माझ्यासारख्या मैत्रिणींना सांगायला नको. पण पैसे माझे होते आणि वडीलही माझेच होते.

माझं माहेर महाड तालुक्यातलं. गावाखालून एक लहानशी नदी जाते, आणि खडकात जिथे ती खोल होते त्या डोहाला आम्ही कोंड म्हणतो. काळ नदीवरचा वाळण कोंड तुमच्यापैकी काहीजणींनी पाहिला असेल. तिथले मासे देवीचे, त्यांना कुणी धरत नाही, लोक लांबून त्यांना खाऊ घालायला येतात. आमचा कोंड त्या मानाने अगदीच गरीब, पाच मैलांपलीकडे कुणाला ठाऊक नाही. पण आमच्याकडेही मासे देवीचेच. अण्णा रोज पूजा आटोपली की उपरण्यात मूठभर चुरमुरे बांधून निघत. खडकावर काठी दोनदा आपटली की पाण्यातून काळ्या पाठी वर येत. लहानपणी मी ते मोजायला जायची आणि वीसच्या पुढे गोंधळायची. अण्णा गेले त्याच्या आदल्या उन्हाळ्यात माझ्या धाकटीने मोजले. सात भरले.

तेव्हा दादाचं बोलणं ऐकून मला किती आनंद झाला असेल पाहा. सातांचे सातशे होणार!

मला ह्या पिल्लांची थोडी ओळखही होती. मी भूगोल घेऊन बी. ए. झाले, आठवड्यातले चार दिवस सातवी-आठवीला तोच विषय शिकवते. तीन वर्षांपूर्वी शाळेच्या सहलीबरोबर लोणावळ्याला गेले होते, तेव्हा वळवण धरणापाशी टाटांनी चालवलेलं महसीरचं केंद्र पाहिलं. १९७०च्या सुमाराला ते काम सुरू झालं. धरणं झालेली, नद्यांत सुरुंग लावून मासे मारणं चाललेलं आणि एकेकाळी जाळी फाडणारा हा मासा दिसेनासा झालेला. तेव्हा डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि पुढे श्री. ओगले ह्यांनी त्याची पैदास माणसाच्या हाताने करून दाखवली. पावसाळ्यात तयार मादी धरायची, तिचं पोट हलक्या हाताने दाबून सोनेरी पिवळी अंडी भांड्यात घ्यायची, त्यावर नराचा पांढरा चीक घालून पिसाने ढवळायचं, आणि मग वाहत्या पाण्याखाली ट्रेमध्ये ठेवून द्यायचं. तीन-चार दिवसांत पिल्लं! ही अंडी ओल्या कापसात ठेवून लांबवर पाठवता येतात, हेही त्यांनीच सिद्ध केलं. मला त्या ओल्या कापसाचं फार कौतुक वाटलं होतं. मोड आणायला मटकी बांधून ठेवावी, तसंच की ते!

सुटीतल्या जादा वर्गात मी हे सगळं मुलींना मोठ्या अभिमानाने सांगितलं, आमच्या कोंडाचंही सांगितलं. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, पण तिथले आधीचे मासे ह्यांना घरात घेतील का?"

वर्ग खो खो हसला. मीही हसले. उत्तर मात्र माझ्याजवळ नव्हतं.

जाऊबाईंचा थोरला रत्नागिरीला मत्स्यशास्त्र शिकलाय. रविवारी जेवायला आला तेव्हा त्याला विचारलं. वाटलं, हा आपला "छान कल्पना आहे काकू" म्हणेल. तो आमटीत भात कालवता कालवता थांबला आणि म्हणाला, "काकू, तुम्हाला कावेरीची गोष्ट माहीत आहे?"

ती गोष्ट अशी. कर्नाटकात कावेरी नदीत एक महसीर होता, नारिंगी परांचा, पाठीवर बैलाला असतं तसं वशिंड असलेला. पन्नास किलोहून जड भरायचा. त्याला गळाला लावायला इंग्रज साहेब सातासमुद्रापलीकडून येत. पुढे तिथेही धरणं, वाळूउपसा, सुरुंग ह्यांनी मासे घटले, तेव्हा भल्या लोकांनी ठरवलं की नदीत पिल्लं सोडायची. पिल्लं मिळत होती ती लोणावळ्याच्या जातीची, निळसर परांची. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून ती सोडली गेली. मासे वाढले, सगळ्यांना समाधान वाटलं.

नदीकाठी गळाने मासे धरून, वजन लिहून परत सोडणाऱ्या हौशी लोकांची एक छावणी होती. तिथल्या १९९८ ते २०१२ पर्यंतच्या वह्या संशोधकांनी तपासल्या आणि २०१५ मध्ये निष्कर्ष छापले. निळ्या परांचे मासे वाढत गेले होते. वशिंडाचे कमी कमी होत गेले होते, आणि जे मिळत होते त्यांचं वजन वर्षागणिक जास्त भरत होतं. मला आधी वाटलं, वजन वाढलं म्हणजे चांगलंच की. पुतण्या म्हणाला, "नाही काकू. म्हणजे फक्त म्हातारे उरले होते. मागे पोरं नव्हती."

हे ऐकलं आणि मला माहेरची वाडीच दिसली. बारा घरं, आणि प्रत्येक ओटीवर एक म्हातारं माणूस.

ह्या माशाची आणखी एक दुर्दैवाची गोष्ट. दीडशे वर्षं लोक त्याला ओळखत होते, पण शास्त्राच्या वहीत त्याचं नाव नक्की नव्हतं. केरळातल्या पांबार नदीतल्या एका माशाला २००७ मध्ये 'टोर रेमादेवी' हे नाव मिळालं होतं. तो आणि हा एकच, हे २०१८ मध्ये ठरलं. त्याच वर्षी जगातल्या अतिधोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत त्याचं नाव गेलं. नामकरण झालं ते हे असं! उलट लोणावळ्याचा निळ्या परांचा आता त्या यादीत धोक्यातला धरला जात नाही.

म्हणून लोणावळ्याच्या लोकांना नावं ठेवायची का? मला नाही तसं वाटत. मासा संपत चालला होता तेव्हा त्यांनी तो हातात धरून वाचवला. आणि कावेरीत जे झालं त्याला एकटी पिल्लंच कारण असंही नाही. पण नदीत मासे दिसतायत म्हटल्यावर कोणते दिसतायत हे बरीच वर्षं कुणी पाहिलं नाही, हे मात्र खरं. आपणही डबा भरलेला दिसला की आत तळाशी काय आहे ते कुठे बघतो?

आमचे हे एवढा वेळ गप्प जेवत होते. ते म्हणाले, "तुमच्या कोंडात आणि लोणावळ्याला मासा एकाच जातीचा असेल तर बिघडलं कुठे? मासे सोडले की वाढतील, साधी गोष्ट आहे. हिला प्रत्येकात खोट काढायची सवय."

त्यावर पुतण्याने अमेरिकेतलं उदाहरण दिलं. मोंटाना राज्यात मॅडिसन नावाची नदी आहे, ट्राउट माशासाठी प्रसिद्ध. तिथे सरकार दरवर्षी केंद्रात वाढवलेले ट्राउट गाड्या भरभरून सोडायचं, म्हणजे गळ टाकणाऱ्यांना कमी पडू नयेत. डिक व्हिन्सेंट नावाच्या सरकारी शास्त्रज्ञाने साधा प्रयोग केला. नदीच्या एका भागात मासे सोडणं बंद करायला लावलं, आणि जिथे कधी सोडत नव्हते अशा एका ओढ्यात मुद्दाम सोडून पाहिले. बंद केलं तिथे नदीतच जन्मलेले ट्राउट भराभर वाढले. सोडले तिथे घटले. जात तीच होती की नाही हा प्रश्नच नव्हता. केंद्रातला मासा गर्दीत वाढलेला, हातचं खाल्लेला, कशाचं भय नाही. तो नदीत येतो आणि जुन्या माशांच्या आडोशाच्या जागांत घुसतो, धक्काबुक्की करतो. जुने बेजार होऊन निघून जातात. आणि हा स्वतः? त्याला पुरात कुठे लपावं ते ठाऊक नसतं, बहुतेक वर्षभरात मरूनही जातो. म्हणजे हाही नाही नि तोही नाही. १९७४ मध्ये मोंटानाने जिथे नदीचे स्वतःचे ट्राउट आहेत तिथे बाहेरचे सोडणं थांबवलं. लोकांचा विरोध होता. आजही तिथे तसंच चालू आहे, आणि मासे धरायला जगभरातून लोक येतात.

(गंमत म्हणजे मॅडिसनचे हे 'रानटी' ट्राउटसुद्धा मूळचे तिथले नव्हेत. तपकिरी ट्राउट युरोपातून १८८० नंतर अमेरिकेत आला. पण नदीने त्यांच्या कित्येक पिढ्या गाळून, निवडून आपल्या करून घेतल्या. आम्ही सुनाही तशाच.)

त्या रात्री मला झोप लागेना. आमची नदी घाटाखालची, सावित्रीला मिळणारी. घाटावरचं पाणी निराळं, पूर निराळा. आमच्या कोंडातले सात मासे एवढ्या वर्षांचे सुरुंग, उन्हाळे, महापूर सोसून उरलेले. आमची आजी भोपळ्याचं बी राखेत घोळून मडक्यात ठेवायची. कुणी पाकिटातलं बी दिलं तर लावायची, नाही असं नाही. पण परसात, जुन्या वेलापासून लांब. कोंडाला परस कुठून आणायचं?

पण दुसरं मनही होतं. सात म्हणजे कितीसे? ते जर म्हातारेच असतील, कावेरीसारखे? वाट बघता बघता कोंड रिकामा झाला तर लोक मलाच म्हणतील की शिकलेल्या लेकीने खोडा घातला. पुतण्याला परत फोन केला. तो म्हणाला, "कोंड रिकामाच असता तर सोडा म्हटलं असतं, तेही त्याच खोऱ्यातले शोधून. पण आहेत ना अजून? मग कमी का झाले ते आधी बघा."

का झाले, ते तर मलाच माहीत होतं. पहिल्या पावसात नदी भरली की मासे अंडी घालायला वर चढतात. आपल्याकडे चढणीचे मासे म्हणून केवढं कौतुक! कोंडातल्या माशाला हात लावायचा नाही, ही देवीची आण; पण तोच मासा कोंडातून दोन शेतं वर गेला की तो देवीचा राहत नाही. पोटात अंडी असलेली मादी घरोघरी तळलेली मी स्वतः खाल्ली आहे. आणि एप्रिल-मेमध्ये वरच्या डबक्यांत ब्लिचिंग पावडर टाकणारे कोण, हेही गावात सगळ्यांना माहीत असतं.

मी दादाला फोन केला. म्हटलं, पैसे देते, पण पिल्लांना नको. पोरांनी पावसाच्या पहिल्या पंधरा दिवसांत नदीवर राखण करावी, उन्हाळ्यात डबक्यांवर लक्ष ठेवावं, त्यांच्या विजेऱ्या, रेनकोट, चहापाणी ह्याला पैसे वापरा. दोन वर्षं बघू.

दादा चिडला. "फलक लावायचा ठरलाय अण्णांच्या नावाचा. राखणीवर कसला फलक लावू? तुला पैसे द्यायचे नसतील तर सरळ सांग." आणि फोन ठेवला. बहीण-भावात पैशाचा शब्द आला की किती लागतो! मी ओट्यापाशी उभी राहून रडले, आणि दुसऱ्या दिवशी अकराच्या अकरा हजार त्याच्या खात्यावर पाठवून दिले. काय करायचं ते कर म्हटलं.

आठ दिवसांनी आईचा फोन. तिला सगळं वहिनीकडून कळलं होतं. म्हणाली, "तुझ्या अण्णांनी मासा कधी सोडलान् नाही. पण चढणीच्या दिवसांत आपल्या घरात मासा येऊ दिला नाही, आठवतंय? तू शेजारी जाऊन खायचीस." मला खरंच आठवत नव्हतं. अण्णांना वास आवडत नाही, एवढंच मी धरून चालले होते.

जूनमध्ये राखण झाली. सगळे पंधरा दिवस नाही, नऊ रात्री. एका रात्री जाळं घेऊन आलेले गृहस्थ आमच्याच भावकीतले निघाले. पोरांची आणि त्यांची चांगलीच जुंपली. ते अजून दादाशी बोलत नाहीत.

गणपतीला मी गेले तेव्हा आम्ही सगळे कोंडावर गेलो. पाणी अजून गढूळ होतं. दादाने अण्णांची काठी खडकावर आपटली, पण काही दिसलं नाही. आईने तरी मूठभर चुरमुरे टाकले. ते गोल फिरून वाहत खाली गेले.

पिल्लांचा टेम्पो दादाने रद्द केलेला नाही, पुढच्या वर्षावर ढकलला आहे. निघताना म्हणाला, "दिवाळीनंतर ये. पाणी निवळलं की मोजू."