बोटभर उघडी खिडकी

‘गॅरेज’ हा शब्द आमच्या नाशिकच्या गल्लीत उच्चारला, की डोळ्यांपुढे येतो तो ऑइलने माखलेला मिस्त्री, उलटी टांगलेली स्कूटर आणि “उद्या या साहेब” हे सनातन आश्वासन. त्यामुळे दादाने जेव्हा फोनवर सांगितले की, “यंदा दिवाळीच्या सुट्टीत इकडेच ये, आपण गॅरेजमध्ये गॅसचा हीटर बसवू या,” तेव्हा मी अंमळ गोंधळलो. एक तर मी मराठीचा प्राध्यापक. माझ्या हाती आजवर जड असे काही आले असेल तर ते शब्दकोशाचे खंड. दुसरे असे, की गाडी ठेवायच्या जागेला ऊब कशाला हवी, हे माझ्या बुद्धीला उमगेना.

तरीपण मी गेलो. खरे सांगायचे तर हीटरसाठी गेलोच नाही. अण्णांचा रंधा द्यायला गेलो.

आमचे अण्णा कचेरीत कारकून होते, पण मनाने सुतार. संध्याकाळी कचेरीचे कपडे खुंटीला लावले, की ते पडवीत जाऊन रंधा हाती घेत. घरातले पाट, देव्हारा, आमची अभ्यासाची मेजे, सगळे त्यांच्या हातचे. दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. तो त्यांच्या हाताखाली तयार झाला आणि मी त्याच पडवीत लाकडाच्या सालपटांच्या ढिगावर बसून गोष्टींची पुस्तके वाचीत मोठा झालो. पुढे दादा इंजिनिअर होऊन अमेरिकेला गेला, मी नाशकातच राहिलो. अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला, वाचा गेली, आणि पुढची दोन वर्षे त्यांचे सगळे मी आणि माझ्या पत्नीने केले. दादा पैसे पाठवी, रोज फोन करी. पण अंथरुणातल्या माणसाची कूस फोनवरून बदलता येत नाही! अण्णा गेले तेव्हा तो चौथ्या दिवशी पोहोचला.

त्या दिवशी मी त्याला एक वाक्य बोललो होतो. “अण्णा शेवटी सारखे खिडकीकडे बोट करत होते, दादा. तुझी वाट बघत होते.” त्याने मान खाली घातली. त्याला चार वर्षे झाली. त्या वाक्याबद्दल आम्ही दोघेही पुन्हा बोललो नव्हतो. रंधा बॅगेत भरताना मनात मात्र होते, की ‘हा घे तुझा वाटा’ असे म्हणून तो त्याच्यापुढे ठेवायचा.

दादाचे घर मिनेसोटा राज्यात, डलूथ शहराबाहेर. जवळच लेक सुपीरियर. नाव सरोवराचे, पण पलीकडचा काठ दिसत नाही. मी पोहोचलो तेव्हा नोव्हेंबर लागला होता आणि पारा शून्याखाली सात अंश होता. वहिनी म्हणाल्या, “भावजी, ही तर अजून थंडी नव्हे.” मी कानटोपीतूनच हसलो.

गॅरेज पाहिले आणि सगळा उलगडा झाला. एका बाजूला गाडी आणि दुसऱ्या बाजूला हुबेहूब आमची पडवी! भिंतीवर ओळीने करवती, पटाशा, गुण्या. मधोमध जाडजूड लाकडी मेज. वर्षातले पाच महिने मात्र हा सारा संसार गोठलेला. दहा अंशांच्या खाली पारा गेला, की लाकडाचा सरससुद्धा धड धरीत नाही, मग माणसाच्या बोटांची काय कथा? निवृत्ती चार वर्षांवर आली होती, मुलगी शिकायला दूर गेली होती, आणि दादाला हिवाळ्यात हात रिकामे नको होते.

शहराबाहेर नळाने येणारा गॅस नाही. म्हणून तिकडे अंगणात पाणबुडीसारखी एक पांढरी टाकी असते, पाचशे गॅलनांची. ती कधी काठोकाठ भरीत नाहीत. ऐंशी टक्क्यांवर थांबतात, कारण उन्हाळ्यात आतला द्रव फुगतो. त्यात असतो प्रोपेन. आपल्या स्वयंपाकघरातल्या लाल सिलिंडरात प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण असते. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपासच वायू व्हायचे नाकारतो, प्रोपेन मात्र उणे बेचाळीसपर्यंत इमानाने वायू होत राहतो. म्हणजे आपला सिलिंडर तिकडे नेला, तर हिवाळ्यात चहासुद्धा व्हायचा नाही.

आमचा पहिला खटका खरेदीतच उडाला. दुकानात दोन तऱ्हेचे हीटर होते. एक स्वस्त. भिंतीला अडकवायचा, नळी जोडायची, पेटवायचा. त्याला धुराची नळीच नव्हती. दुसरा चांगला तिप्पट किमतीचा. तो छताला टांगायचा, एका नळीने बाहेरची हवा आत घ्यायची आणि दुसरीने धूर बाहेर सोडायचा. ज्योत आत पेटीत बंद. मी अर्थातच स्वस्ताच्या बाजूने. दादा म्हणाला, “अरे, एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ होते. ती जाणार कुठं? थंड लोखंडावर बसणार. आठ दिवसांत हत्यारांना गंज चढेल. शिवाय लाकडाचा भुसा आणि उघडी ज्योत एका खोलीत नकोत.”

मी गप्प बसलो, पण मनात म्हटले, पैसेवाल्यांचे सोवळे! आणि एवढ्यावर थांबला नाही. विषारी वायूची चाहूल लागताच कर्कश ओरडणारी दोन यंत्रे त्याने घेतली. एक गॅरेजला, एक त्याला लागून असलेल्या घरातल्या खोलीला.

पुढचे तीन दिवस मी ‘हा पाना दे, तो पाना दे’ या हुकुमांचा ताबेदार होतो. हीटर पंचेचाळीस हजार ब्रिटिश थर्मल युनिटांचा. हे काय प्रकरण, म्हणून विचारले, तर दादा म्हणाला, “एक आगकाडी पुरती जळली, की साधारण एक युनिट. तासाला पंचेचाळीस हजार काड्या समज.” गावच्या कचेरीतून परवाना आणलेला होता. गॅसची नळी मात्र आम्हाला जोडायची नव्हती. तिला परवानाधारक कारागीर आला. हीटर मुळात नळाच्या गॅससाठी केलेला. कारागिराने त्याचे पितळी जेट काढून अधिक बारीक छिद्रांचे बसवले. प्रोपेनमध्ये उष्णता अडीचपट, तेव्हा छिद्र लहान हवे, नाहीतर ज्योत काजळी धरते आणि विषारी वायू होतो. मला आईचा रॉकेलचा स्टोव्ह आठवला. त्याच्या बारीकशा भोकात पिन फिरवायचे काम माझे असे. आयुष्यात यंत्राशी आलेला माझा तेवढाच संबंध.

त्याआधी, दुसऱ्या दिवशी, नळ्यांसाठी भिंतीला भोक पाडायचे होते. दादाने पेन्सिलीने वर्तुळ आखले आणि करवत लावली. ती सुंदर, उबदार केलेली भिंत कापली जाताना मला राहवेना.

“काय रे दादा, खोली गरम करायची म्हणून भिंतीला भोक पाडून वारा आत घ्यायचा?”

दादा हसला. “अण्णांनी नाही का खिडकीला पाडलं होतं?”

“कुठल्या खिडकीला?”

“माजघराच्या. गल्लीकडच्या. झडपेची खालची बोटभर पट्टी कापून टाकली होती बघ.”

ती फट मला चांगली आठवत होती. लहानपणी थंडीच्या रात्री तिच्यातून येणाऱ्या वाऱ्याला मी किती शिव्या दिल्या असतील! मला वाटे, लाकूड कुजले असेल.

दादाने करवत खाली ठेवली. “तुला कुणी सांगितलंच नाही? १९८३ सालची गोष्ट. तू चार वर्षांचा. तुला खोकला झाला होता, म्हणून आजीनं कोळशाची शेगडी माजघरात आणून दारं-खिडक्या घट्ट लावून घेतल्या. तू, मी आणि आजी. रात्री माझं डोकं इतकं दुखायला लागलं, की जाग आली. तुला हलवतोय, तर तू उठेनास. तुला ओढत ओट्यावर आणलं आणि आरडाओरडा केला. अण्णांनी आजीला बाहेर काढलं. गार वाऱ्यावर तू ओकलास आणि मग रडलास. तुझं रडणं ऐकून अण्णा मटकन खालीच बसले. दुसऱ्या दिवशी कचेरीला न जाता त्यांनी खिडकी कापली. म्हणाले, आता ही पुरती लागायचीच नाही. मग आयुष्यभर रोज रात्री निजण्यापूर्वी त्या फटीला बोट लावून बघायचे, वारा येतोय ना म्हणून.”

मी तिथेच लाकडाच्या ओंडक्यावर बसलो.

वाचकहो, अण्णांच्या शेवटच्या हिवाळ्यात ती फट मी बुजवली होती. आजारी माणसाच्या अंगावर वारा नको, म्हणून एक फळी ठोकली आणि विजेचा हीटर लावून मी त्यांच्या शेजारी झोपत असे. विजेच्या हीटरने तो विषारी वायू होत नाही, हे खरे. पण ते अण्णांना कोण सांगणार? आणि सांगायला तरी त्यांना काय झाले होते, हे मला कुठे ठाऊक होते? त्या दिवसापासून ते खिडकीकडे बोट करू लागले. माझ्याकडे पाहायचे आणि पुन्हा खिडकीकडे. खिडकी गल्लीकडची. मी आपला अर्थ लावला. आयुष्यभर अर्थच लावीत आलेला माणूस मी!

“दादा,” मी म्हणालो, “त्या फटीवर फळी मी ठोकली होती.”

त्याला आधी कळले नाही. मग कळले. बराच वेळ तो हातातल्या पेन्सिलीकडे पाहत राहिला. 

“म्हणजे ते...”

“तुझी वाट बघत नसतील असं नाही,” मी घाईने म्हणालो. “पण मी तुला जे बोललो, ते मला बोलायला नको होतं.”

दादा उठला. पाठमोरा होऊन त्याने करवत पुन्हा वर्तुळाला लावली. “धर ती बाजू,” तो म्हणाला. त्याचा आवाज नीट नव्हता. मी बाजू धरली. भोक आरपार झाले आणि सरोवरावरचा बर्फाळ वारा आमच्या दोघांच्या तोंडावर आला. मी त्याला शिवी दिली नाही.

कारागीर नळी जोडून, तपासून गेला. तरी दादाने साबणाचे पाणी करून प्रत्येक सांध्यावर स्वतः पुन्हा लावले. गॅस गळत असेल तर तिथे बुडबुडा येतो. सिलिंडर बदलला की माझी पत्नी घरी हेच करते. कुठेही बुडबुडा आला नाही. दुसऱ्या दिवशी कचेरीतला तपासनीस येऊन बरे म्हणून गेला. मग दादाने बटण दाबले. क्षणभर काहीच नाही, मग एक हलकासा ‘भप्प’ आवाज, आणि थोड्याच वेळात ऊब छतावरून हळूहळू आमच्या खांद्यांवर उतरली.

मी घरात जाऊन बॅगेतला रंधा आणला. ठरवलेले वाक्य बोललो नाही. नुसताच मेजावर ठेवला. दादाने पाते काढून नखावर घासून पाहिले, पुन्हा बसवले आणि सागाचा एक तुकडा घेऊन रंधा चालवला. पातळ, लांब सालपट निघून गुंडाळत खाली पडले. तो वास ओळखीचा होता.

रात्री निजण्यापूर्वी दादा गॅरेजमध्ये गेला, म्हणून मीही मागोमाग गेलो. तो बाहेरच्या नळीच्या तोंडाशी बोट लावून पाहत होता.

“येतोय ना वारा?” मी विचारले.

“येतोय,” तो म्हणाला.