एका माणसानं बांधलेल्या एका गाडीचं पासिंग

इथं इंग्लंडमध्ये माझ्याकडे एक गाडी आहे. दोन सीटची, उघडी, लांब बॉनेट, बाहेर आलेले गोल हेडलाइट आणि दोन्ही बाजूंना वळणदार मडगार्ड. लोक थांबून विचारतात, "एमजी टीएफ ना?" मी सांगतो, "नाही, नक्कल आहे." काही जणांचा चेहरा पडतो. पण बरेच जण खूश होऊन पुढचा प्रश्न विचारतात, "मग बांधली कुणी?"

गावाकडून मात्र फोटोखाली दोनच प्रश्न येतात. "किती देते?" आणि "आपल्याकडे आणता येईल का?" पहिल्याचं उत्तर असं की जेवढं देते तेवढं पुरतं, ही पळवायची गाडी नव्हे. दुसऱ्याचं उत्तर लांबलचक आहे आणि ते आपल्या कोल्हापूर-सांगलीच्या कामाचं आहे, म्हणून आज सविस्तर लिहितो.

आधी गाडीची कुंडली. खरी एमजी टीएफ १९५३ ते १९५५ या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनली. १९७० च्या दशकात इथं 'जेंट्री' नावाचा एक किट निघाला. वरून टीएफसारखी बॉडी, खाली ट्रायम्फ हेराल्ड. हेराल्ड कॉव्हेंट्रीची. तिची चासी वेगळी होती, बॉडी तिच्यावर बोल्टनं बसवलेली. बॉडी गंजून गेली तरी चासी, इंजिन, गिअरबॉक्स शिल्लक राहायचे. मग लोक त्यावर नवी बॉडी चढवायचे. आपल्याकडच्या जुन्या मंडळींना स्टँडर्ड हेराल्ड आठवत असेल, १९६१ पासून मद्रासला बनायची. माझी गाडी आतून तिचीच बहीण.

ती बांधली एका टूलमेकरनं, त्याच्या घरच्या गॅरेजमध्ये. माझ्याकडे ती बऱ्याच वर्षांनी, सेकंडहँड आली. गाडीबरोबर एक खोकं मिळालं. त्यात प्रत्येक सुट्या भागाची पावती, कामाच्या प्रत्येक टप्प्याचा फोटो आणि वायरिंगची हातानं काढलेली आकृती होती. गाडीपेक्षा मला ते खोकं जास्त आवडलं.

अशी गाडी सांभाळायची म्हणजे रोज थोडं शिकायचं. एकच उदाहरण देतो. पुढच्या चाकाला धरून ठेवणारा जो उभा दांडा असतो, त्याचं खालचं टोक आटे पाडून कास्याच्या एका तुकड्यात बसवलेलं असतं. त्याला ट्रनियन म्हणतात. त्यात ग्रीस नाही, गिअर ऑइल भरायचं असं कंपनीचं पुस्तक सांगतं. कुणी आळसानं सोडून दिलं की आत पाणी जातं, आटे गंजतात, आणि एक दिवस दांडा तुटून चाक आडवं पडतं. मी ठरलेल्या दिवशी तेलाचं पिचकारं घेऊन गाडीखाली जातो. दहा मिनिटांचं काम आहे, पण त्या दहा मिनिटांवर माझा जीव आहे.

लाइट पेटला नाही तर आधी बल्ब बघायचा नाही, अर्थिंग बघायचं. फायबरग्लासमधून वीज जात नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला अर्थची वेगळी वायर लागते. सप्टेंबर २०२१ पासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुन्या रबराला चालत नाही, म्हणून पेट्रोलच्या सगळ्या नळ्या बदलल्या. कोल्हापूरकराला इथेनॉल काय चीज आहे ते सांगायला नको!

चालवायचीही एक शिस्त आहे. पहिल्या गिअरला सिंक्रो नाही, त्यामुळे गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तो गुमान पडत नाही. मागची चाकं स्विंग ॲक्सलवर आहेत. वेगात वळणात शिरलात आणि घाबरून ॲक्सिलरेटर एकदम सोडलात, तर मागचं चाक आत दुमडतं आणि मागची बाजू फिरते. म्हणून वेग वळणाआधीच कमी करायचा. एअरबॅग नाही. ब्रेकला सर्वो नाही, पाय जोर लावूनच दाबावा लागतो. बायको शेजारी बसते ती गावातल्या रस्त्यांवर. मोटरवेवर "तू जा, मी रेल्वेनं येते" म्हणते, आणि तिचं बरोबर आहे.

आता मुद्द्यावर येतो. अशी घरी बांधलेली गाडी इथं कायदेशीर कशी?

ह्याची सुरुवात पळवाटेतून झाली. जुन्या काळी इथं तयार गाडीवर परचेस टॅक्स होता, सुट्या भागांच्या किटवर नव्हता. १९५७ मध्ये कॉलिन चॅपमनची लोटस सेव्हन आली. लोक ती किट म्हणून घ्यायचे, घरी जोडायचे आणि टॅक्स वाचवायचे. १९७३ मध्ये तो टॅक्स जाऊन व्हॅट आला आणि पळवाट बंद झाली. पण लोकांचा नाद काही सुटला नाही. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन या लेखकाचं पुस्तक आलं, अवघ्या २५० पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार कशी बांधायची ते सांगणारं. त्यातून कितीतरी लोकांनी घरी वेल्डिंग करून चासी बनवल्या.

सरकारपुढे तेव्हा दोन रस्ते होते. सरसकट बंदी, नाहीतर परीक्षा. त्यांनी परीक्षा निवडली. एका गाडीची एकटीची तपासणी. २००९ पासून तिचं नाव आयव्हीए. हौसेनं स्वतःसाठी बांधलेल्या गाड्यांसाठी तिच्यात वेगळा वर्ग आहे. माझी गाडी ह्या परीक्षेच्या आधीची. पण माझ्या शेजाऱ्यानं सेव्हनसारखी गाडी बांधली, तेव्हा मी तिला सोडायला बरोबर गेलो होतो.

तो दिवस बघण्यासारखा होता. तपासनीस शांत माणूस. ब्रेक रोलरवर तपासले, धूर मोजला, आवाज मोजला, आरशात मागचं किती दिसतं ते बघितलं, सीटबेल्ट कुठं अडकवलाय ते खाली वाकून बघितलं. मग काढला एक गोळा, १०० मिलिमीटर व्यासाचा. तो गाडीच्या अंगावरून फिरवायचा. गोळा जिथं जिथं टेकेल तिथली कड किमान २.५ मिलिमीटर त्रिज्येनं गोल हवी, म्हणजे पायी जाणाऱ्याला धक्का बसला तरी धारेनं कापायला नको. सस्पेन्शनचे दोन बोल्ट आणि नंबरप्लेटचा एक कोपरा गोळ्याला लागले. गाडी नापास.

पण कसं नापास, ते बघा. हातात कागद मिळाला. काय चुकलं, कुठल्या कलमाखाली चुकलं, सगळं लिहून. कुणी दमदाटी केली नाही. "बाहेर एजंट बसलाय, त्याला भेटा" असंही कुणी म्हणालं नाही. शेजाऱ्यानं बोल्टवर टोप्या बसवल्या, आरसा हलवला, फेरतपासणीला गेला आणि पास झाला. नोंदणीच्या कागदावर गाडी जशी आहे तशीच लिहिली जाते. कुठल्या गाडीतून काय घेतलं हे धड सांगता येत नसेल, तर नंबर क्यू अक्षरानं सुरू होतो. रस्त्यावर कुणालाही कळतं की ही वेगळी गाडी आहे.

आता आपल्याकडे बघू.

केंद्रीय मोटार वाहन नियमांमधला १२६ वा नियम सांगतो की उत्पादकानं आपल्या गाडीचा नमुना ठरलेल्या संस्थेकडून तपासून घ्यायचा. त्या संस्थांत पुण्याची एआरएआय आहे, अहिल्यानगरची व्हीआरडीई आहे. म्हणजे तपासणारी मोठी नावं आपल्याच महाराष्ट्रात! पण तो रस्ता हजारो गाड्या काढणाऱ्या कंपनीचा. एका माणसाच्या एका गाडीनं त्या रस्त्यानं जायचं म्हटलं तर घर विकावं लागेल. दुसरीकडे कलम ५२. कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करायचा नाही. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी स्वतंत्र नियम आले. ५० वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, रोजच्या वापराला बंदी. चांगले नियम आहेत. माझी नक्कल त्यात बसत नाही आणि बसूही नये. पण मग ती बसायची कुठं? त्यासाठी खानाच नाही.

डिसेंबर २०२१ आठवा. सांगली जिल्ह्यातल्या एका कारागिरानं भंगारातून छोटी जीप बनवली होती, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी. खर्च साधारण ६०,००० रुपये. व्हिडिओ देशभर गेला. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं आणि स्पष्टही सांगितलं, ही नियमात बसत नाही, आज ना उद्या अधिकारी अडवतील, त्यापेक्षा बदल्यात बोलेरो घ्या. जानेवारी २०२२ मध्ये बोलेरो मिळाली. महिंद्रांचा दिलदारपणा खराच. त्या कुटुंबाचा आनंदही खरा.

पण ह्या सगळ्यात सरकार कुठं होतं? त्या जीपचे ब्रेक किती अंतरात लागतात, स्टिअरिंग किती भक्कम आहे, हे सरकारी कागदावर लिहून देईल अशी एक खिडकी त्या माणसासाठी उघडी नव्हती. आपल्याकडे अशा हातांच्या नशिबी एकतर व्हायरल होणं, नाहीतर जप्त होणं. मधलं काही नाही.

"अहो, रस्त्यावर आधीच माणसं मरतायत, त्यात घरगुती गाड्या कशाला?" हा प्रश्न येणार, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सरकारी आकड्यांनुसार २०२२ मध्ये भारतात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. म्हणूनच मी परीक्षा मागतोय, सूट मागत नाही. बंदी असूनही वाढवलेल्या जीपा, जोडकाम केलेल्या ट्रॉल्या गावोगाव फिरतातच, फक्त त्यांच्या अंगावरून कुणी गोळा फिरवत नाही.

शिवाजी उद्यमनगरातला मेस्त्री ओतकाम बघून सांगतो की ह्यात हवा राहिलीय. शिरोलीच्या फाउंड्र्यांतले भाग मोठ्या कंपन्यांच्या गाड्यांत बसतात. इंजिनिअरिंगची पोरं बाहा स्पर्धेसाठी अख्खी गाडी बांधतात, स्पर्धा झाली की ती कॉलेजच्या शेडमध्ये धूळ खाते. ती गाडी रस्त्यासाठी नव्हतीच, मान्य. पण पोरांनी पुढची गाडी रस्त्याच्या नियमात बांधायची ठरवली, तर ते नियम आहेत कुठं?

माझी मागणी साधी आहे. वर्षाला ठरावीक संख्या ठेवा. प्रदूषणाबाबत कडक असलेल्या कॅलिफोर्नियानंसुद्धा अशा वर्षाला ५०० गाड्यांसाठी सवलतीची वाट ठेवलीय. फक्त स्वतःच्या वापरासाठी, धंद्यासाठी नाही. पावत्या आणि फोटो सक्तीचे. नंबर वेगळा. तपासणी कडक, आणि नापास केलं तर कारण लेखी.

येत्या सुट्टीत मी कोल्हापुरात असेन. इथली तपासणीची नियमावली सगळ्यांसाठी खुली आहे. तिच्यातले ब्रेक, स्टिअरिंग, सीटबेल्ट आणि धारदार कडांचे मुद्दे मी मराठीत काढतोय. उद्यमनगरातले कोणी मेस्त्री, कॉलेजचे कोणी सर, आरटीओतून निवृत्त झालेलं कोणी बसायला तयार असेल तर कळवा. आपण एक मसुदा करू आणि आपल्या खासदारांच्या हातात देऊ. चहा माझ्याकडून.