विष्णुपुरीच्या पाण्यावरची बदकं

दिवाळी सरली की विष्णुपुरीच्या पाण्यावर बदकं उतरायला लागतात. नांदेडकर ज्याला डॅम म्हणतात तो शंकरसागर जलाशय गोल, पसरट तलाव नाही. बॅरेजच्या मागे अडवलेली ती गोदावरीच आहे, वळणं घेत लांबवर गेलेली. काळेश्वराच्या देवळापाशी रविवारी गर्दी असते. तिथून वरच्या अंगाला चालत राहिलं की माणसांचा आवाज मागे पडतो आणि काठाला पाणकणीस लागतं. मी नोकरीसाठी इथे आलो तेव्हापासून थंडीतल्या सुटीच्या सकाळी दुर्बीण घेऊन याच काठावर असतो.

हळदी-कुंकू बदक इथलंच, बारा महिने दिसणारं. थंडीत त्याच्या शेजारी तलवार बदक, थापट्या, चक्रांग असे पाहुणे येतात. वारकरी नावाच्या पाणपक्ष्यांचे काळे थवे असतात आणि चक्रवाकाची जोडी ओरडत डोक्यावरून जाते. पुढे पाणी ओसरलं की गाळपेरीच्या जमिनी उघड्या पडतात. एखाद्या वर्षी तिथल्या हरभऱ्याशेजारी पट्टकादंब चरताना दिसतात. हिमालय ओलांडून आलेला पक्षी आपल्या शेताच्या बांधावर उभा आहे, हे पाहताना मला आजही भरून येतं.

इथे शिकार होते हे मला सांगितलं ते एका मासे धरणाऱ्या मामांनी. थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळी ओढत ते काठाला आले आणि म्हणाले, "सर, त्या कोपऱ्याकडं नका जाऊ. जाळं लावून बसलेत."

"मासे धरायला?"

"माशाचं नाही हो, बदकाचं. अंधार पडला की लावतेत, उजाडायच्या आत काढून नेतेत. छऱ्याची बंदूक घेऊनबी येतेत."

मी गेलो. माणूस कुणी नव्हता, मला लांबून पाहून उठून गेले असावेत. दोन बांबूंना बांधलेलं बारीक नायलॉनचं जाळं मात्र उथळ पाण्यात तसंच उभं होतं. दहा पावलांवरूनही ते दिसत नव्हतं. आधी दिसलं ते त्यात लटकलेलं चक्रांग. मादी होती. अंगावर तपकिरी ठिपके आणि मिटलेल्या पंखाच्या फटीतून दिसणारा हिरवा पट्टा. तिने इतकी धडपड केली होती की एक धागा पंखाखाली रुतून कातडीपर्यंत गेला होता. मामा मागोमाग आले, गुडघाभर गाळात उतरले. जाळ्यातला जीव ओढून निघत नाही. ज्या बाजूने शिरला त्याच बाजूने मागे घ्यावा लागतो. मामांनी आधी पाय मोकळे केले, मग पंख, शेवटी मान. रुतलेला धागा मी नखं कापायच्या कात्रीने तोडला. उत्तर आशियातून इथवर उडत आलेल्या त्या जिवाचं वजन पाव किलोपेक्षा जरासं जास्त. माझ्या दोन्ही तळव्यांत तिचं काळीज धडधडत होतं. पाण्यावर सोडली तेव्हा ती लगेच उडाली नाही. पोहत पाणकणसात शिरली.

जाळ्याच्या टोकाला एक वारकरी मेलेला होता. आणखी एक, पंख मोडलेला, काठाच्या गवतात बसून होता. त्याला छर्रा लागला होता. वारकऱ्याला जागच्या जागी उठता येत नाही. पाण्यावरून धावत वेग घ्यावा लागतो, आणि नेमबाजाला तेवढा वेळ पुरतो. सगळे छरे जीव घेत नाहीत. बरेच पक्षी असे पंख मोडून गवतात जातात आणि दोन-चार दिवसांनी मरतात. शिकाऱ्याच्या पिशवीत ते कधी मोजले जात नाहीत.

मी फोटो काढले आणि एका कार्यालयात फोन लावला. उत्तर आलं, "ते अभयारण्य नाही ना सर." हेच वाक्य नंतर मी कितीतरी तोंडून ऐकलं. काठावर भेटलेल्या तरुणांकडून ऐकलं, हातात एअरगन असलेल्यांकडून ऐकलं, आणि पक्ष्यांवर खरोखर प्रेम असलेल्या माणसांकडूनही. सगळ्यांची समजूत एकच, की बदकाला संरक्षण असतं ते अभयारण्याच्या फलकाच्या आत.

ही समजूत साफ चुकीची आहे आणि ती मोडावी म्हणूनच मी हे लिहितोय. याच गोदावरीवर वरच्या अंगाला पैठणचा नाथसागर आहे. ते जायकवाडी पक्षी अभयारण्य १९८६ला जाहीर झालं. त्याच्याही वर नांदूरमध्यमेश्वर, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरलेलं. तिथे फलक आहेत, विष्णुपुरीला नाही. पण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी घातली आहे ती देशभर, आणि संरक्षण दिलं आहे ते पक्ष्याला. तो कुठल्या पाण्यावर उतरला हा प्रश्नच येत नाही. जाळं लावणं, फासा मांडणं, अंडी उचलणं हीसुद्धा कायद्याने शिकारच. अभयारण्याबाहेर बदक मारलं तरी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. बंदूक, जाळं, गाडी जप्त होते ते वेगळंच. कमी ताकदीच्या एअरगनला परवाना लागत नाही, म्हणून तिने पक्षी मारायची मुभा आहे असंही कित्येकांना वाटतं. बंदुकीला परवाना लागत नसला तरी शिकार हा गुन्हाच राहतो.

शहरातल्या एका वयस्कर गृहस्थांशी मी यावर बोललो होतो. तरुणपणी त्यांनी बाराबोअरने बदकं मारली होती, रीतसर परवाना काढून. ते खोटं बोलत नव्हते. मूळ कायद्यात काही पक्ष्यांच्या शिकारीला परवाना मिळायचा. १९९१च्या दुरुस्तीने ते दार बंद झालं. त्याआधीचा काळ तर बंदुकीचाच होता. भरतपूरला १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारमेळ्यात एका दिवसात ४,२७३ पक्षी पाडले गेले, आणि तो आकडा अभिमानाने दगडावर कोरला गेला. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १९३१-३२ साली सलीम अलींनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली तीही नमुने गोळा करूनच. त्या काळी पक्ष्याचा अभ्यास करायचा म्हणजे तो आधी मारावा लागे. आज हातात दुर्बीण आहे, कॅमेरा आहे. युरोपात हंगाम ठरवून पाणपक्ष्यांची कायदेशीर शिकार अजून चालते. तिथल्या पक्षीनिरीक्षकांचं त्यावरून भांडण चालू असतं. आपल्याकडे कायद्याने ते भांडण कधीच मिटवलंय. कमी पडते ती अंमलबजावणी.

गावात शिकारीचा विषय निघाला की पारध्यांचं नाव पटकन घेतलं जातं. जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवणारा, १८७१पासून चालत आलेला कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी बोट तिकडेच वळतं. याची मला चीड येते. काठावर बंदूक घेऊन मी ज्यांना पाहिलं ते मोटारीतून आलेले, चांगल्या घरचे, पार्टीसाठी "रानातलं काहीतरी" हवं असणारे लोक होते. पोटासाठी जाळं लावणारेही असतील. त्यांच्याशी बोलायची रीत मात्र वेगळी हवी. ओडिशात चिलिका सरोवराच्या काठावरचं मंगलाजोडी हे गाव पक्ष्यांच्या शिकारीसाठी बदनाम होतं. तिथल्याच शिकाऱ्यांनी पुढे पक्षी संरक्षणाची समिती चालवली, आणि आज त्या गावचे नावाडी पर्यटकांना पक्षी दाखवून कमावतात. पाण्याची खोली आणि पक्ष्याची चाल आपल्या मामांइतकी विष्णुपुरीत कुणाला कळते? विद्यापीठ, वैद्यकीय महाविद्यालय आणि अभियांत्रिकी महाविद्यालय असं सगळं इथे हाकेच्या अंतरावर आहे. हिवाळ्यात तिथली पोरं मामांच्या तराफ्यावर बसून पक्षी मोजू शकतील. मामांना चार पैसे मिळतील आणि काठावर माणसांची वर्दळ राहील. वर्दळ असेल तिथे जाळं लावायला कुणी धजत नाही.

तोवर वाचकांना एवढीच विनंती. काठावर जाळं किंवा बंदूक दिसली तर भांडायला जाऊ नका. जागा, वेळ आणि गाडीचा नंबर टिपून घ्या आणि वनविभागाच्या 'हॅलो फॉरेस्ट' या १९२६ क्रमांकावर फोन करा. फोनला पैसे पडत नाहीत. समोरून कुणी "तिथे अभयारण्य नाही" म्हणालं, तर १९७२च्या कायद्याचं नाव घ्या आणि तक्रार नोंदवून घ्यायला सांगा. आणि थंडीत कुणी "पाण्यातलं बदक" विकायला आणलं, तर घेऊ नका.