आधी ठसा जुळवा

आमच्या वाचनालयाची ग्रंथसूची ज्या संगणकावर राहते, तो मी आजवर पाहिलेला नाही. वाचनालय तालुक्याच्या गावात आणि सर्व्हर भाड्याचा, दूरच्या कुठल्याशा डेटा सेंटरमधला. तरी रोज संध्याकाळी माझ्या टेबलावरून मी तिथल्या फायली उघडते, नव्या पुस्तकांच्या नोंदी घालते, एखाद्या लेखकाच्या नावातला ऱ्हस्व-दीर्घ सुधारते आणि सेव्ह करते. हे बिनघोर करता येतं ते काही माणसांमुळे. त्यांतल्या एकालाच मी प्रत्यक्ष ओळखत होते.

त्यांना सगळं गाव काका म्हणायचं. दूरसंचार खात्यातून निवृत्त होऊन ते गावी परतले आणि आमचे सभासद झाले. तेव्हा वाचनालयाच्या फायली एफटीपी या फायली पाठवण्याच्या जुन्या पद्धतीने चढवल्या जात. एका दुपारी काकांनी त्यांच्या लॅपटॉपवर एक प्रोग्रॅम लावला आणि मला नेहमीसारखं लॉगिन करायला सांगितलं. माझा पासवर्ड त्यांच्या पडद्यावर जसाच्या तसा उमटला. "ताई, वाटेत बसलेल्या कुणालाही हा असाच वाचता येतो," एवढंच ते म्हणाले.

मग त्यांनी कूटबद्ध वाटेने फायली पाठवणारं विनएससीपी बसवून दिलं. पहिल्या जोडणीलाच पडद्यावर प्रश्न आला: हा सर्व्हर ओळखीचा नाही, पुढे जायचं का? खाली सर्व्हरच्या चावीचा ठसा होता, अंक आणि इंग्रजी अक्षरांच्या सोळा जोड्या. "होय दाबू नका. आधी ठसा जुळवा," काका म्हणाले. सर्व्हर भाड्याने देणाऱ्यांकडून त्यांनी तो ठसा आधीच मागवून कागदावर उतरवून घेतला होता. ते एकेक जोडी मोठ्याने वाचत गेले, मी पडद्यावर बोट ठेवून जुळवत गेले. सोळावी जोडी जुळल्यावरच त्यांनी मान हलवली. आपण नक्की कुणाशी बोलतोय याची खात्री पटेपर्यंत आपलं काही समोर ठेवायचं नाही, हा धडा मला संगणकाच्या पलीकडेही उपयोगी पडला.

पुढे त्यांनी चाव्यांची जोडी करून दिली. सार्वजनिक चावी सर्व्हरवर ठेवायची, खासगी चावी माझ्याच संगणकावर, तीही पासफ्रेज घालून. लॉगिनच्या वेळी खासगी चावी कुठेही पाठवली जात नाही. ती आपल्याकडे आहे एवढं फक्त सहीनिशी सिद्ध होतं. फाइलवर दोनदा क्लिक केलं की तिची तात्पुरती प्रत माझ्याकडे उघडते, आणि सेव्ह करताच ती कूटबद्ध वाटेने परत जाऊन बसते. मोठी फाइल चढताना वीज गेली, तर अर्धवट भाग 'फाइलपार्ट' अशा वेगळ्या नावाने पडून राहतो आणि जुनी फाइल शाबूत राहते. पावसाळ्यातल्या आमच्या विजेचा भरवसा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याचं मोल सांगायला नको.

ही साधनं फुकट कशी, असं मी विचारलं, तेव्हा काकांनी मला माणसांबद्दल सांगितलं. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यात कुणीतरी पासवर्ड चोरून टिपले. तिथल्या तातू युलोनेन या संशोधकाने त्यावर उपाय म्हणून कूटबद्ध जोडणीचं एसएसएच लिहिलं आणि त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वांना मोफत दिलं. वर्ष संपेपर्यंत पन्नास देशांतले सुमारे वीस हजार लोक ते वापरत होते. पुढच्या आवृत्त्यांवर बंधनं आली, तेव्हा ओपनबीएसडीच्या मंडळींनी एक जुनी मुक्त आवृत्ती हाती घेऊन १९९९ मध्ये ओपनएसएसएच उभं केलं. इंग्लंडच्या सायमन टॅथमने विंडोजवर एसएसएच वापरण्यासाठी पुटी लिहिलं, आणि त्याचाच कोड पायाला घेऊन प्रागच्या मार्टिन प्रिक्रिलने विनएससीपी. माझ्या रोजच्या एका क्लिकमागे एवढी माणसं उभी आहेत.

एफटीपीला मात्र काकांनी कधी नावं ठेवली नाहीत. त्याचा पहिला मसुदा १९७१ मध्ये एमआयटीत लिहिला तो अभय भूषण यांनी. ते आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. तेव्हाच्या जाळ्यात मोजकीच यंत्रं होती, आणि ती चालवणारे एकमेकांना ओळखत. पुढे १९८५ मध्ये जॉन पोस्टेल यांच्यासह एफटीपीचं प्रमाण लिहिणाऱ्या जॉइस रेनॉल्ड्स यांनीच दहा वर्षांनी युलोनेनच्या विनंतीला दुसऱ्याच दिवशी उत्तर देऊन एसएसएचला बावीस क्रमांकाचं पोर्ट दिलं. एफटीपीचं एकवीस, टेलनेटचं तेवीस, आणि मधलं मोकळं होतं. ज्यांनी जुनी वाट आखली, त्यांनीच नव्या वाटेला जागा करून दिली. हे सांगताना काकांच्या स्वरात फार आदर असायचा.

काका आता नाहीत. त्यांनी कधी एक पैसा घेतला नाही. "दुसऱ्याला शिकवा, म्हणजे पोचलं," म्हणायचे. म्हणून शेजारच्या गावातल्या वाचनालयाची मुलगी शिकायला आली, तेव्हा मी तिला माझी चावी दिली नाही, तिची स्वतःची करून दिली. प्रत्येकाची चावी वेगळी असली की एखादं माणूस काम सोडून गेल्यावर सर्व्हरवरची त्याच्या चावीची एक ओळ पुसली की झालं. आता ठसा सोळा जोड्यांचा नसतो, अक्षरांची एक लांब ओळ असते, पण तीही आम्ही मोठ्याने वाचून जुळवली. मग आम्ही दोघींनी मिळून वाचनालयांसाठी मराठीत एक टिपण लिहिलं. त्याच्या पहिल्या पानावर भूषण, रेनॉल्ड्स, युलोनेन, टॅथम, प्रिक्रिल यांची नावं आहेत, आणि त्यांच्या ओळीत काकांचंही. ज्याला हवं त्याला ते टिपण आम्ही मोफत देतो.