वाफसा नसलेली जमीन

अंगठ्याने गाळ दाबून त्याचा घट्टपणा सांगायचं काम यंदा माझ्या विद्यार्थिनीकडे गेलं. माझी बोटं बधिर झालीत. ती यंत्राची पाती गाळात रोवते, पीळ देते, आकडा वाचते. आकडा बरोबर असतो, तरी मला चैन पडत नाही.

समुद्रतळावर चालणाऱ्या गाडीचं चाक आम्ही जळगावात तपासतो; त्यासाठीच्या हौदात बेंटोनाइट कालवलेलं आहे. खोल समुद्रातल्या गाळाऐवजी प्रयोगशाळांत तेच वापरतात. त्यातलं चिकट मॉन्टमोरिलोनाइट तापीकाठच्या काळ्या मातीतही आहे. ट्रॅक्टर फसतो तेव्हा चाकाच्या दातांमधली माती सुटत नाही, चाक गुळगुळीत होतं आणि जागीच फिरून खड्डा करतं. शेतकरी वाफशाची वाट पाहतो. समुद्रतळाला वाफसा येतच नाही.

वजन वाढवलं की वाळूत पकड वाढते. अशा गाळात ती मिळते टेकलेल्या क्षेत्रफळातून. म्हणून चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेच्या ‘वराह’ या समुद्रतळावरच्या खाणयंत्राला चाकांऐवजी पट्टे आहेत. २०२१ मध्ये मध्य हिंदी महासागरात ते ५,२७० मीटर खोलीवर चाललं. मग मी चाकाला का चिकटलोय? कोबाल्टयुक्त थर सागरी पर्वतांच्या उघड्या खडकावर असतात. अशाच अफानासी निकितीन या सागरी पर्वतावर शोध घेण्यासाठी भारताने जानेवारी २०२४ मध्ये अर्ज केला. तिथे पट्टा दोन उंचवट्यांवर अधांतरी राहील; चंद्रावरच्या ‘प्रज्ञान’ गाडीसारखी सहा चाकं आपापल्या उंचीला टेकतील.

पण खडकांमधल्या खोलगटात गाळ साचतोच. सगळं घोडं तिथेच अडतं. धुळ्याकडचे बसाल्टचे धोंडे हौदात रचून आम्ही तेवढंच तपासतो. चाकावरची पाती मागे झुकवली की गाळ सुटतो, पण धोंड्याची कड निसटते. सरळ ठेवली की चाक धोंडा चढतं आणि पुढच्या खोलगटात गाळाने भरतं.

संगणकावर गाळ सगळीकडे सारखा धरून चाक फिरवणाऱ्यांशी माझं पटत नाही. गुळगुळीत फरशीवरच्या रोबो-स्पर्धांना मी परीक्षक म्हणून जाणं सोडलं. त्यात माझा अहंकारही आहे: चिखलात हात घातलेला माणूसच खरा, असं मला मनापासून वाटतं. हे चाक माझ्या नावाने ओळखलं जावं, असंही वाटतं.

परवा माझी विद्यार्थिनी म्हणाली, “सर, पाती मुळाशी रबर घालून लवचीक केली तर? गाळात झुकेल, खडकावर मागचा टेकू तिला अडवेल.” मी लगेच धारदार खडकाने रबर फाटण्याचा मुद्दा काढला. मुद्दा खरा आहे, पण तो इतक्या घाईने काढला तो कल्पना मला सुचली नाही म्हणून. तिची पाती कापायला दिली आहे. ती टिकली, तर चाकाला नाव तिचं लागेल, आणि ते मला सोपं जाणार नाही.