ताम्हिणीची रंगीत तालीम

मोटरसायकलवरून एकट्याने करायच्या पहिल्या दीर्घ प्रवासाचा आरंभ कुठे मानावा, या प्रश्नाला घराचा उंबरठा हे उत्तर सहज सुचते. परंतु ज्या प्रवासात वाहन, चालक आणि सामान या तिघांचा तोल एकाच देहाला सांभाळायचा असतो, तो निघण्याच्या पहाटेआधी कितीतरी आठवडे, गॅरेजच्या तेलकट फरशीवर आणि रविवारच्या लहानशा फेऱ्यांमध्ये सुरू होऊन गेलेला असतो. दीर्घ प्रवास म्हणजे नेमका किती किलोमीटरांचा, यावर रायडरांमध्ये पुष्कळ वाद होतात आणि त्यांतून फारसे काही निष्पन्न होत नाही. ज्या अंतरात ओळखीचा मिस्त्री मागे राहतो, वाटेत मुक्काम केल्याशिवाय परतता येत नाही आणि बिघाड झाल्यास घरून कोणाला बोलावून घेणे व्यवहार्य नसते, ते अंतर दीर्घ मानावे, एवढी व्याख्या या लेखापुरती पुरेशी आहे.

अशा प्रवासाची तालीम करण्यास पुणे परिसरात मुळशी तालुक्याइतका सोयीचा प्रदेश दुसरा नाही. चांदणी चौक सोडल्यावर भूगावची कोंडी, पिरंगुटच्या कारखान्यांकडे वळणारे अवजड ट्रक, तालुक्याचे ठाणे असलेले पौड, मग मुळशी जलाशयाच्या कडेने जाणारी वळणे, ताम्हिणीचे जंगल आणि घाटाचा उतार, आणि खाली विळे-निजामपूरवरून माणगावला मुंबई-गोवा महामार्गाशी होणारी भेट, असा शंभरेक किलोमीटरांचा हा पट्टा आहे. हजार किलोमीटरांच्या प्रवासात जे जे समोर यायचे, त्यातले बहुतेक सारे तो एका सकाळीत दाखवून देतो, आणि जेवणाच्या वेळेपर्यंत घरी परत येण्याची मुभाही ठेवतो. नाटकाची रंगीत तालीम जशी पोशाखासह आणि दिव्यांसह, फक्त प्रेक्षकांवाचून होते, तशी ही तालीम पूर्ण सामान लादून, हेल्मेट-जॅकेट-बुटांसह व्हावी लागते. रिकाम्या गाडीवर केलेली ताम्हिणीची सहल आनंददायक असली तरी तिने तयारी होत नाही.

सामान लादल्याने गाडी बदलते, हे पहिल्या प्रवासाला निघणाऱ्याला बहुधा पहिल्या वळणावर समजते. मोटरसायकलचा रस्त्याशी संबंध येतो तो केवळ दोन टायरांच्या, प्रत्येकी तळहाताएवढ्या भागापुरता, आणि वेग घेणे, वळणे व थांबणे ही तिन्ही कामे त्या दोन तळहातांवर चालतात. मागच्या सीटवर उंच बांधलेली पिशवी गुरुत्वमध्य, म्हणजे साऱ्या वजनाचा जणू एकवटलेला बिंदू, वर आणि मागे सरकवते, त्यामुळे पुढच्या चाकावरचा भार कमी होऊन हँडल हलके वाटू लागते आणि गाडी वळणातून बाहेर फेकल्यासारखी जाते. म्हणून पाण्याच्या बाटल्या, अवजारे, कुलूप-साखळी अशा जड वस्तू खाली आणि मध्याजवळ, टाकीवरच्या पिशवीत किंवा सीटच्या दोन्ही अंगांना लटकणाऱ्या सॅडल बॅगांच्या तळाशी जातात, आणि कपडे, चादर यांसारखे हलके सामान वर राहते. मागच्या टायरमधली हवाही गाडीच्या पुस्तिकेत वजनासाठी सांगितली असेल तितकी वाढवावी लागते, आणि चेनचा ढिलेपणा पुन्हा पाहावा लागतो, कारण वजनाने मागचे सस्पेन्शन दबले की चेन ताणली जाते. बहुतेक गाड्यांत हा ढिलेपणा अडीच ते साडेतीन सेंटिमीटरांच्या दरम्यान असतो. नेमका आकडा पुस्तिकेतूनच घ्यावा, मित्राकडून घेऊ नये.

येथे जुन्या पिढीच्या स्कूटरची आठवण अनाठायी ठरणार नाही. आकुर्डीच्या कारखान्यातून 1972 पासून बाहेर पडू लागलेल्या बजाज चेतकवर पुण्यातली कुटुंबे महाबळेश्वरपर्यंत गेली, तीही चार-चार माणसे बसून, आणि आजच्या मापाने पाहता ती सारी धाडसेच होती. तरी त्या स्कूटरला एक जादा चाक, म्हणजे स्टेपनी, जोडलेली असे, त्यामुळे पंक्चर ही पाना हातात घेऊन स्वतः निस्तरण्याची बाब होती. मोटरसायकलला स्टेपनी नसते. म्हणून ट्यूबलेस टायरच्या गाडीसाठी रबरी पट्टी खुपसण्याचा संच आणि हवा भरण्याचा छोटा पंप, आणि तारांच्या चाकांच्या गाडीसाठी जादा ट्यूब व टायर उचकटण्याचे लोखंडी पाते, ही सामानातली पहिली गोष्ट ठरते. त्यांचा वापर घरच्या अंगणात एकदा करून पाहिलेला नसेल, तर ती केवळ वजन वाढवते.

दुसरा मोठा बदल इंजिनाच्या पोटात झाला आहे. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 मानकांनंतर बहुतेक नव्या मोटरसायकलींत कार्बोरेटरची जागा फ्यूएल इंजेक्शनने घेतली, म्हणजे पेट्रोल किती आणि केव्हा सोडायचे हे आता संवेदक आणि लहानसा संगणक ठरवतात. थंडीत गाडी एका झटक्यात सुरू होते, सरासरी सुधारते, हे लाभ खरेच आहेत. पण फुंकर मारून जेट साफ करणाऱ्या आडगावच्या मिस्त्रीची विद्या या गाडीपुढे बरीचशी निरुपयोगी झाली, आणि किक नसलेल्या गाडीची बॅटरी उतरली की उतारावरून ढकलून सुरू करण्याखेरीज वाटेत फारसे काही करता येत नाही. रिझर्व्हची कळही बहुतेक गाड्यांवरून गेली, त्यामुळे भरलेल्या टाकीवर, लादलेल्या गाडीने, चढ-उतारांसह किती किलोमीटर होतात हे आधी मोजून ठेवणे चालकाच्या अंगावर आले. मुळशीच्या दोन-तीन फेऱ्यांत हा आकडा बिनचूक हाती लागतो. बॅटरीचे वय, क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबली, ब्रेकच्या पट्ट्या, जादा फ्यूज, इंजिन ऑइल या गोष्टी निघण्याच्या आदल्या दिवशी पाहणे ही सर्वत्र आढळणारी चूक आहे. सर्व्हिसिंग किमान आठवडाभर आधी करून घ्यावे आणि त्यानंतर शंभर-दीडशे किलोमीटर गाडी चालवून पाहावी, कारण सैल राहिलेला नट सर्व्हिसिंगनंतरच्या पहिल्या प्रवासातच निसटतो.

तयारीचा खरा कस मात्र ताम्हिणीच्या उतारावर लागतो. मुळशीचा जलाशय समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर आहे, आणि टाटांच्या वीज प्रकल्पासाठी अडवलेले त्याचे पाणी नैसर्गिक प्रवाहाच्या उलट, पश्चिमेला सह्याद्रीखालच्या भिऱ्याच्या वीजगृहात नेऊन सोडलेले आहे. ते पाणी जी उंची क्षणात गमावते, तीच मोटरसायकलस्वाराला घाटरस्त्याने, वळणावळणाने, स्वतःच्या हातांनी आवरून उतरायची असते. अशा उतारावर इंजिन ब्रेकिंग करावे लागते, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडून, खालच्या गिअरमध्ये, इंजिनाच्याच अवरोधाने वेग धरून ठेवावा लागतो. सतत दाबून ठेवलेल्या ब्रेकच्या पट्ट्या तापतात, डिस्क ब्रेकमधले तेल उकळू शकते आणि लिव्हर हाताला मऊ लागू लागतो. तो मऊपणा जाणवेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. पेट्रोल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची मध्यमवर्गीय सवय तर दुहेरी तोट्याची आहे, कारण इंजेक्शनची गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनाला जाणारे पेट्रोल बंदच होते, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते ते जळतच राहते. पहिल्या पावसात तेलाचा थर वर येऊन निसरडा झालेला डांबरी रस्ता, कातळावरून आडवे वाहणारे पाणी, ओल्या पांढऱ्या पट्ट्या, धुक्यातून अचानक समोर येणारी गुरे आणि वळणावर गाडी लावून फोटो काढणारे पर्यटक, हे सारे येथे एकाच तासात भेटते. यांतला शेवटचा धोका सर्वांत कमी लेखला जातो.

जलाशयाच्या काठाने जाताना एक गोष्ट ध्यानात असावी. या पाण्याखाली गावे आहेत, आणि ती वाचवण्यासाठी 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीला, सुरू झालेला मुळशी सत्याग्रह सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली 1924 पर्यंत चालला. तो हरला, आणि घरातले काय उचलायचे व काय पाण्याला सोडायचे हा निवाडा मावळातल्या शेतकऱ्यांवर लादला गेला. हौसेने निघणाऱ्याचे सामान कमी करणे आणि त्यांचे घर उचलणे यांची तुलना करणे अप्रशस्त ठरेल. तरी कोणत्या रस्त्यावरून आपण हौस पुरवतो, एवढे माहीत असलेले बरे.

मोटरसायकलस्वाराचा नकाशाही इतरांहून वेगळा आखावा लागतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला मनाई आहे, नागपूरला मुंबईशी जोडणाऱ्या 701 किलोमीटरांच्या समृद्धी महामार्गावर मनाई आहे, आणि जानेवारी 2024 मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूवरही आहे. वेगाचे नवे रस्ते बंद असल्यामुळे दुचाकीच्या वाट्याला येतो तो गावांतून, बाजारपेठांतून आणि घाटांतून जाणारा जुना महाराष्ट्र, आणि ज्याला घाई नाही त्याच्यासाठी ही मनाई वरदानच आहे. नियोजनात मात्र तिचा हिशेब हवा: मोटारीने जे अंतर पाच तासांचे, ते दुचाकीने आठ तासांचे धरावे. माणगावहून दक्षिणेकडे जाणारा महामार्ग वर्षानुवर्षे रुंदीकरणात अडकलेला असल्याने अंधारात तेथे गाडी चालवण्याचा बेत पहिल्या प्रवासात तरी नसावा. दिशेचाही विचार व्हावा. पहाटे पौडहून पश्चिमेला निघाले की सूर्य पाठीशी राहतो. परतीची सकाळ निवडली, तर तोच सूर्य घाट चढून आल्यावर थेट डोळ्यांत येतो.

सामानाच्या बाबतीत जगभरच्या एकट्या प्रवाशांचे अनुभव एकमेकांशी आश्चर्यकारक रीतीने जुळतात. 1982 मध्ये लंडनहून निघून जुन्या बीएमडब्ल्यू मोटरसायकलवर जगप्रदक्षिणा करणाऱ्या एल्स्पेथ बिअर्ड या वास्तुकला शिकणाऱ्या तरुणीने वाटेत सिडनीला काम करून पैसे साठवले आणि सामानासाठी कुलपाच्या ॲल्युमिनियमच्या पेट्या स्वतःच घडवल्या. पेटीचे माप गरजेला जुळणारे असावे, हेच यातून दिसते. 1952 च्या ज्या दक्षिण अमेरिकी प्रवासामुळे चे गव्हेरा आणि अल्बेर्तो ग्रानादो यांची जुनी नॉर्टन मोटरसायकल प्रसिद्ध झाली, त्या प्रवासात ती तर चिलीतच मोडून पडली आणि उरलेला प्रवास दोघांनी तिच्यावाचून केला. मोटरसायकल बंद पडल्यावरही प्रवास चालू राहू शकतो, ही शक्यता तयारीत धरावी: एसटीचे भाडे, टेम्पोत गाडी चढवण्याइतकी रोकड, आणि कागदपत्रांची एक प्रत गाडीपासून वेगळी.

घरच्यांशी बोलणे हा तयारीचा भाग आहे आणि तो बहुतेक जण शेवटपर्यंत टाळतात. मुलगी निघत असेल तर हे संभाषण अधिक लांबते, हे समाजाचे वास्तव आहे. 2023 च्या मार्चमध्ये पुण्याच्या रमिला लटपटे नऊवारी नेसून मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून मोटरसायकलवर जगप्रवासाला निघाल्या, तेव्हा अनेकांचे लक्ष साडीकडेच गेले. वस्तुतः कासोटा घातलेली नऊवारी स्वारीला अडवत नाही, आणि त्या बातमीत लक्ष देण्याजोगी गोष्ट होती ती एकट्याने इतक्या दूर निघण्यामागची आखणी. घरच्यांना शब्दांच्या आश्वासनापेक्षा मुक्कामाची गावे, तेथे पोहोचण्याची अंदाजी वेळ आणि फोन न लागल्यास किती तास थांबायचे याचा आकडा दिलेला बरा. ताम्हिणीत मोबाइलची रेंज जाते, हे आधी सांगितले नाही, तर पुण्यात विनाकारण घबराट होते.

गटाने जाणाऱ्याला थांबवणारे चार जण असतात, तसेच डिवचणारेही चार असतात. एकट्याला दोन्ही नसतात, आणि म्हणून मागे फिरण्याचा निर्णय पूर्णतः त्याचा उरतो. सामानाच्या कोणत्याही यादीत ही गोष्ट सापडत नाही, दुकानात तर नाहीच. धुके दाटले, दरड कोसळल्याची वार्ता आली, मनगटे भरून आली किंवा नुसतीच झोप अपुरी झालेली असली, तरी वाटेतल्या डोंगरवाडीला गाडी वळवून चहा पिऊन पौडला परतणे ज्याला एकदा जमले, त्याच्यावर अनोळखी घाटात भरवसा ठेवता येतो. ज्याची प्रत्येक तालीम माणगावलाच संपली, त्याची तयारी अपुरी समजावी. पहिला प्रवास पावसाळ्यात आखू नये, नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ त्याला बरा, आणि पौड सोडल्यावर पेट्रोल पंप विरळ होत असल्याने टाकी तेथेच भरून घ्यावी.