काळ्या फरशीची रेघ

घर बांधताना नमाजाच्या खोलीची दिशा काढायचं काम अब्बांनी माझ्यावर सोपवलं. घरात बीएड झालेला मीच. मी जगाचा नकाशा पसरला, पुण्यापासून मक्केपर्यंत पट्टी ठेवली, कोनमापक लावला. पश्चिमेपासून उत्तरेकडे ५ अंश. त्या बेताने गवंड्याने काळ्या फरशीची रेघ बसवली.

गेल्या वर्षी भाची मोबाइल घेऊन त्या रेघेवर उभी राहिली. "मामू, हा ११ अंश दाखवतोय."

"मोबाइल चुकतो," मी म्हणालो. मास्तरकीची खोड! रात्री मात्र झोप लागेना.

दुसऱ्या दिवशी शाळेतल्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरला. पुण्यातून निघताना तो माझ्या पट्टीपेक्षा जास्त उत्तरेला झुकत होता. कागदावर रेखावृत्तं समांतर उभी असतात, गोलावर ती ध्रुवाकडे एकमेकांजवळ येतात. चूक तिथेच होती. न्यूयॉर्कहून तर पट्टी आग्नेय दाखवते आणि दोरा ईशान्य!

मोबाइल काय करतो? उत्तर ध्रुव, पुणे आणि मक्का असा गोलावरचा त्रिकोण धरतो. पुण्याचे अक्षांश १८.५२, मक्केचे २१.४२, त्यावरून दोघांची ध्रुवापासूनची अंतरं मिळतात. ध्रुवापाशचा कोन म्हणजे रेखांशांतला फरक, ३४ अंश. दोन बाजू आणि मधला कोन हाती आला की पुण्यापाशचा कोन निघतो. जुनं लॉग टेबल काढून मी आकडेमोड केली. ११ अंशच आले. जीआयएस म्हणतात त्या नकाशांच्या संगणकप्रणालींच्या मुळाशी हेच गोलावरचं गणित असतं; फार अचूक मोजायचं असेल तर त्या पृथ्वी ध्रुवांशी किंचित चपटी धरतात. हजार वर्षांपूर्वी अल-बिरूनीने गझनीचा किब्ला असाच गणिताने काढला होता. त्याचं नाव मी वर्गात अभिमानाने घेतो. त्याचं गणित कधी करून पाहिलं नव्हतं.

अब्बांना सांगायचं कसं? २८ मे रोजी आपल्याकडे दुपारी २ वाजून ४८ मिनिटं होतात तेव्हा सूर्य काबाच्या बरोबर माथ्यावर असतो. पश्चिमेच्या खिडकीत ओळंबा टांगला. दोरीची सावली रेघेला छेदून तिरकी पडली. अब्बा चष्मा लावून वाकले, बराच वेळ बघत राहिले.

"इतक्या वर्षांच्या नमाजा, अब्बा..."

"दूरच्याला रोख पुरे असतो, बेटा. नीयत तर तिकडचीच होती ना?"

फरशी उखडायला गवंडी बोलावू का, असं मी विचारलं.

"लकीर रहने दे. जानमाज सीधी डाल."

तेव्हापासून आमच्या घरात जानमाज रेघेला तिरकी असते.